खडपे बेटाचा संध्याकाळचा भार

खडपे बेटावर सत्तेचाळीस वीजजोडण्या होत्या. घरं एक्केचाळीस, देऊळ एक, शाळा एक, आरोग्य उपकेंद्र एक, पाण्याचा पंप एक, बर्फाची खोली एक आणि जेटीवरचा दिवा एक. शाळेत चार वर्षांत एकही युनिट जळलं नव्हतं. आरोग्य उपकेंद्रात लसींचा फ्रिज तेवढा चालू होता. आत लस होती की नाही, हे विजेवरून कळत नाही. एक्केचाळीस घरांपैकी तेरा घरांत वापर शून्य. उरलेल्या अठ्ठावीस घरांत रोज संध्याकाळी दिवा लागायचा.

हे सगळं मला बेट न पाहता माहीत होतं. समुद्राखालून आलेली अकरा किलोमीटरची केबल जिथे किनाऱ्याला लागते, त्या वीज उपकेंद्राच्या वरच्या खोलीत मी बसायचे. एम.एस्सी.नंतरची पहिली नोकरी. खोलीत खुर्च्या दोन होत्या. दुसरीवर माझी बॅग असायची. खाली ऑपरेटर दर आठ तासांनी बदलायचे. "आलात?" आणि "निघालात?" एवढंच आमचं बोलणं.

माझं काम 'नाडी' सांभाळायचं. हे यंत्र केबलच्या तोंडाशी बसवलेलं होतं आणि विजेचा प्रवाह सेकंदाला वीस हजार वेळा मोजायचं. वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवून अख्ख्या शरीराचं सांगतो, तसं हे एका जागी बसून अख्ख्या बेटाचं सांगायचं. कुठलंही उपकरण सुरू होताना प्रवाहाला बारीक हिसका बसतो आणि प्रत्येक उपकरणाचा हिसका वेगळा असतो. पंख्याचा हळूहळू शांत होणारा, फ्रिजचा एकदम उंच उठून खाली येणारा, दिव्याचा टाचणीसारखा. तो हिसका किती लांबीच्या तारेतून आला त्यावर त्याचा आकार थोडा बदलतो. त्यावरून घर कळतं.

आणखी एक गोष्ट कळते. भिंतीवरचं बटण माणूस दाबतो तेव्हा आतल्या दोन पट्ट्या चिकटण्याआधी तीन-चार वेळा एकमेकींवर आपटतात. सगळं मिळून पाच-सात सहस्रांश सेकंद. कोण किती जोर लावतं, अंगठ्याने दाबतं की तर्जनीने, यावर ते आपटणं ठरतं. आपोआप लागणाऱ्या दिव्याला असं आपटणं नसतं. म्हणून दिवा माणसाने लावला की घड्याळाने, हे 'नाडी' ओळखते आणि एका घरात किती वेगवेगळे हात वावरतात तेही मोजते. दारोदार न फिरता होणारी शिरगणती. आमच्या कंपनीत ही मोजणी अंतिम मानली जायची.

खडप्याचा आलेख विचित्र होता. दहा वर्षांपूर्वी बेट दिवसाला चारशे बारा युनिटं वापरायचं. २०४१ सालच्या ऑक्टोबरात एकोणीस. उतार सरळ, एकसारखा, समजण्यासारखा. पण वस्ती असलेल्या घरांचा आकडा तीन वर्षांपासून अठ्ठावीसवर अडकला होता. वापर घटत होता, घरं घटत नव्हती. त्यातल्या सव्वीस घरांसमोर 'नाडी'ने एकच ओळ लिहिली होती: माणूस एक, दिवा एक. पंखा नाही, टीव्ही नाही, मोबाइलचा चार्जरसुद्धा नाही. आदल्या वर्षीच्या अहवालात कोणीतरी याला 'एकल वृद्धांचं बेट' असं नाव देऊन समुपदेशक पाठवण्याची शिफारस केली होती. समुपदेशक गेला नव्हता.

आकडा महत्त्वाचा होता, कारण केबलचं आयुष्य येत्या एकतीस मार्चला संपत होतं. वस्तीची घरं वीस किंवा जास्त असतील तर नवी केबल टाकायची. कमी असतील तर जुनी बंद करायची आणि उरलेल्यांना किनाऱ्यावर आणायचं. नोव्हेंबर संपायच्या आत मला आकड्याखाली सही करायची होती.

मी त्या सव्वीस दिव्यांकडे चौदा महिने बघत होते. ते एकदम लागत नसत. जेटीजवळच्या पहिल्या घरापासून बेटाच्या दक्षिण टोकापर्यंत, एकामागून एक, लाट गेल्यासारखे लागत. सूर्यास्ताबरोबर लाटेची वेळ सरकायची. सकाळी तसेच क्रमाने विझत. ती लाट शेवटच्या घराला पोचली की मी डबा उघडायचे. का कोण जाणे, तिच्याआधी जेवायला नको वाटायचं.

एका दुपारी बेटाचा नकाशा हाताशी होता म्हणून मी दोन-दोन घरांमधलं अंतर आडव्या अक्षावर घेतलं आणि दोन दिव्यांमधला वेळ उभ्या अक्षावर. बिंदू जवळजवळ एका रेषेत आले. अशा रेषेतून दोन गोष्टी मिळतात. तिचा चढ सांगतो, एक मीटरला किती वेळ लागला, म्हणजे वेग. आणि अंतर शून्य असतं तरी जो वेळ लागला असता, तो रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथे वाचता येतो. वेग निघाला सेकंदाला पंचावन्न सेंटिमीटर. राहिलेला वेळ, दर घरामागे अठ्ठावन्न सेकंद. अठरा आणि एकोणीस या घरांमधला बिंदू मात्र रेषेपासून फार दूर होता. तो मी चुकीचा म्हणून वगळला.

पंचावन्न सेंटिमीटर हा विजेचा वेग नाही. तो चालण्याचा वेग आहे, आणि तरुण माणसाच्या चालण्याचा नाही.

मग सव्वीस घरांतल्या बटणांची आपटणी एकमेकांशी ताडून पाहिली. 'नाडी'ने हे कधी केलं नव्हतं. ती प्रत्येक घराकडे वेगळं बघायची. दोन घरांच्या मध्ये चालणारं माणूस तिच्या गणितात नव्हतंच. सव्वीसही ठिकाणी हात एकच होता.

श्रोत्री सर माझे वरिष्ठ. त्यांना फोन केला.

"सर, खडप्यावर सव्वीस घरांत मिळून एकच माणूस आहे."

"वरदा, तू जेवलीस का?"

"जेवले."

"मग नीट सांग."

सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे केबल टिकावी म्हणून कोणीतरी आपल्याला टोपी घालतंय."

"तीन वर्षं, दिवसातून दोनदा, भर पावसातही? सर, वेग बघा. जुन्या नोंदींत, तीन वर्षांपूर्वी, शहाऐंशी होता. आता पंचावन्न."

"वेगाचा रकाना अहवालात नाही," ते म्हणाले. "जा, बघून ये. आणि असेल ते लिही. सही तुझी आहे."

*

बेटाकडे जाणारी होडी गुणाजी तांडेलची. साठीचा माणूस, डोक्याला टॉवेल, इंजिन बॅटरीचं. होडीत मी एकटीच.

"बेटावर वस्ती किती हो?" मी विचारलं.

"कोणाची? माणसांची काय कावळ्यांची?"

"माणसांची."

"मगे दोन. एक इंदूवैनी, नि दुसरो मी. माका अर्धो धरलास तरी चलात, चार दिवस मी किनाऱ्यारच असतंय."

"आमच्या कागदावर अठ्ठावीस घरं आहेत."

"आसतली. कागद कधी होडयेत बसलो हा?"

"तुम्ही कोणाला सांगितलं कसं नाहीत?"

गुणाजीने सुकाणू धरून माझ्याकडे नीट पाहिलं. "कोणी इचारल्यानच नाय, मॅडम."

इंदुमती धुरी जेटीच्या वरच्या पहिल्याच घरात राहायच्या. वय चौऱ्याहत्तर. गाऊन, खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चपला. मी अंगणात उभी राहिले तेव्हा त्या सुके बांगडे पालथे करत होत्या.

"खंयसून इलंस गो?"

"किनाऱ्यावरून, काकी. लाइटवाल्यांकडून."

"बिल भरलंय मी."

"बिलाचं नाही. सहज बघायला."

"सहज बघूक हय कोण येता?" त्या हसल्या. "बस. च्या करतंय."

चहा झाला. त्या दिवशी सूर्यास्त सहा वाजून एक मिनिटाने होता. सहाला दोन मिनिटं कमी असताना इंदूकाकी उठल्या. मला वेळ माहीत होती. तरी त्या उठल्या तशी मीही लगेच उठले. खुंटीवरून त्यांनी जाळ्याच्या दोरीत ओवलेला चाव्यांचा जुडगा काढला. चाव्या घरांच्या क्रमाने ओवलेल्या होत्या. एक झाली की पुढची बोटांत यायची, बघावं लागायचं नाही.

"मी येऊ बरोबर?"

"ये. पण वेगान चलू नको. माका दम लागता."

फेरीतलं पहिलं घर मिठबावकरांचं. कुलूप उघडायला त्यांना वेळ लागला. गंजलेलं होतं आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती. दार उघडून आत एक पाऊल, बटण, उजेड. ओटीवर एक खुर्ची, भिंतीवर जुनं कॅलेंडर. इंदूकाकी आतल्या काळोखाला म्हणाल्या, "येतंय हां." आणि दार ओढून कुलूप लावलं. मी घड्याळ पाहिलं. एकोणसाठ सेकंद.

तिसऱ्या घरापर्यंत मी काही विचारलं नाही. मग विचारलं, "काकी, हे का करता?"

"कित्या म्हणजे? तिन्हीसांजेक घर काळोखात ठेवूचा नाय."

"पण घरात कोणी नाही."

"म्हणान तर लावूचो. कोण असता तर तेंनीच लावलो नसतो?" मी अगदीच अडाणी असल्यासारखं त्यांनी पाहिलं. "बेट सोडून जाणाऱ्यान शेजारणीकडे चावी देवची, नि शेजारणीन दिवो लावचो. माज्या सासूच्या येळेपासून तसाच. तवा घासलेटाचो होतो, आता बटणाचो. पयली चावी माज्याकडे शांतेची इली. मगे पलीकडची कुसुम गेली, तिच्याकडे चार होत्ये, तिची धरून पाच. ती जाताना रडली. असा करत करत सगळ्यांच्या चावये सरकत सरकत माज्याकडे इले. शेवटाक मीच रवलंय मा."

"आणि ती तेरा घरं? जिथे काळोख आहे?"

"तेंनी चावी देवक नाय. आमचा आम्ही बघू म्हणाले." त्यांनी मान उडवली. "बघले."

अठराव्या घरानंतर चिऱ्याच्या अकरा पायऱ्या होत्या. इंदूकाकी पाचव्या पायरीवर बसल्या. एक हात गुडघ्यावर, दुसरा छातीवर. डोळे मिटलेले.

"काय होतंय?"

"काय नाय. भरून येता. रोज येता. जाता आपसूक."

मी शेजारी बसले. दोन मिनिटं दहा सेकंद. चुकीचा म्हणून मी वगळलेला बिंदू तो हाच होता. तीन वर्षांपूर्वी तो वीस सेकंदांचा होता.

टोकाच्या घरातून परत फिरलो तेव्हा पूर्ण काळोख झाला होता. वाटेच्या दोन्ही बाजूंना खिडक्या पिवळ्या दिसत होत्या. कुठूनच आवाज येत नव्हता. एरवी उजेड असलेल्या घरातून भांडं पडल्याचा, कोणी कोणाला हाक मारल्याचा आवाज येतो. तो नसला की पावलं आपोआप हळू पडतात. इंदूकाकी मात्र परतताना झपझप चालल्या. परतीच्या वाटेवर कोणाचं बटण दाबायचं नव्हतं, त्यामुळे हा वेग माझ्याकडे कधीच नोंदला गेला नव्हता.

*

सकाळी दिवे विझवून आल्यावर पडवीत बसून मी त्यांना सगळं सांगितलं. केबल, एकतीस मार्च, वीस घरांची अट, 'नाडी'चे अठ्ठावीस.

इंदूकाकींनी दोनदा विचारून खात्री केली आणि मग पदर नव्हता म्हणून टॉवेल तोंडाला लावून हसायला लागल्या. "म्हणजे माज्या एका बोटार कंपनी चलता? अगो बाय माझे! गुण्याक सांगूक होया."

"काकी, अजून कोणाला माहीत नाही. 'नाडी' अठ्ठावीस म्हणते. मी गप्प राहून सही केली तर नवी केबल येईल."

"नि केलंस नाय तर?"

"तर बंद. तुम्हाला किनाऱ्यावर यावं लागेल."

हसणं थांबलं. त्यांनी वाळत घातलेल्या बांगड्यांच्या चटईकडे पाहिलं, कावळा नव्हता तरी हात उडवला.

"रुपेश बोलवता कधीपासून," त्या म्हणाल्या. रुपेश त्यांचा मुलगा, पनवेलला. "सून चांगली आसा. नात आसा. माका काय नको झाला नाय. पण चावये कोणाकडे देव? देवक माणूसच नाय."

मग मी ते सांगितलं जे सांगायला आले नव्हते. "तीन वर्षांपूर्वी तुम्ही सेकंदाला शहाऐंशी सेंटिमीटर चालत होतात. आता पंचावन्न. पायऱ्यांवर आधी वीस सेकंद बसायचात, आता दोन मिनिटांच्या वर. हे असंच जात राहिलं तर..."

"तू माका मोजी होतंस?"

"हो."

"कधीपासून?"

"चौदा महिने. रोज."

"रोज?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. "मगे एकदा हाक मारूची मा."

 उपकेंद्रात त्यांचा फोन नंबर होता. सगळ्याच ग्राहकांचे होते.

"असा कर," त्या म्हणाल्या. "तुज्याकडे सगळ्यांचे नंबर आसतले. तेंका इचार. घर तेंचा, दिवो तेंचो. तेंका होयो आसलो तर तू अठ्ठावीस लिव, मी लावतंय जमात तवसर. नको आसलो तर तसा माका सांग. पण खरा सांग हां. माका बरा वाटाचा म्हणान नको."

जेटीवर रेंज चांगली होती. मी दहा वाजता सुरुवात केली आणि अडीचला संपवलं. सव्वीस घरं, सव्वीस फोन. प्रत्येकाला एकच प्रश्न: खडप्याच्या तुमच्या घरात रोज संध्याकाळी दिवा लावला जातो, तो चालू ठेवायचा का?

नऊ नंबर बंद होते किंवा दुसऱ्याच कोणाचे झाले होते. चौघांनी चावी कुरिअर करायला सांगितली. घराचं नंतर बघू म्हणाले. अकरा जणांनी दिव्याची गरज नाही म्हणून सांगितलं. त्यातल्या एकाने विचारलं, "आमचं छप्पर अजून आहे का?" एकीने विचारलं, "हे तुम्ही काय विकताय?" आणि एका तरुण आवाजाने, मागे कुणाला तरी हाक मारून, "बाबा, आपलं बेटावर घर होतं?"

राहिले दोघे. दहाव्या घराच्या कांदळगावकरांनी प्रश्न दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, "इंदू अजून लावते?" आणि तेविसाव्या घरच्या कुसुमताईंनी फोन कानाला धरून रडून घेतलं. दिव्याचं मात्र दोघांनीही सारखंच सांगितलं: आता पुरे झालं, तिला आता चालायला लावू नका.

वर जाताना मी ठरवत होते की किती सांगायचं. आकडे थोडे फिरवता आले असते. सात-आठ जणांनी चौकशी केली म्हणायला काय जातं? पण त्यांनी खरं सांग म्हटलं होतं, आणि मला दुसरं काही नीट येतही नाही.

"काय म्हणाले?" त्या दारातच उभ्या होत्या.

"दोघांनी तुमची चौकशी केली."

"कोण?"

"कांदळगावकर आणि कुसुमताई."

त्यांनी चाव्यांच्या दोरीवरून बोटं फिरवली, दहावीवर थांबल्या, मग तेविसावीवर. "नि बाकीचे?"

मी सांगितलं. नऊ, चार, अकरा. छपराचं आणि त्या मुलाचं वगळलं. दिवा चालू ठेवा असं कोणीच म्हटलं नाही, हेही सांगितलं.

इंदूकाकी आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात दोन चहा होते.

"बरा," त्या म्हणाल्या. "मगे लिव तुझा खरा ता."

त्या संध्याकाळीही त्या सूर्यास्ताच्या तीन मिनिटं आधीच उठल्या असणार. मी होडीत होते. मागे वळून पाहिलं तर चौथ्या घरापर्यंत उजेड आला होता.

*

मी अहवालात दोन लिहिलं. वस्तीची घरं: दोन. खाली कारण, पद्धत आणि 'नाडी'तला दोष. श्रोत्री सरांनी काम नीट झाल्याचं कळवलं. दोष दुरुस्त करण्याचं कामही मलाच दिलं. नव्या आवृत्तीत 'नाडी' एकाच हाताला दोन घरांत मोजत नाही.

पायऱ्यांचं मी अहवालात लिहिलं नाही, पण आकडा लिहिताना मनात तेच होतं. तिथे त्यांना एकटीला काही झालं असतं, तर ते मला फार तर एकोणिसावा दिवा लागला नाही म्हणून कळलं असतं. गुणाजी होडी घेऊन पोचेपर्यंत दीड-दोन तास. मी ते गणित पुन्हा पुन्हा केलं. दरवेळी उत्तर तेच यायचं आणि दरवेळी वाटायचं, लिहिलं ते बरोबर.

डिसेंबर ते मार्च लाट येत राहिली. वेग त्रेपन्न, मग एक्कावन्न. आता मी अधूनमधून फोन करायचे. इंदूकाकी फोनवर फार बोलत नसत. "जेवलंस?" "काय केलंय?" "बरा, ठेव." अठ्ठावीस मार्चला दुपारी रुपेश भाड्याची होडी घेऊन त्यांना न्यायला आला. भरती पहाटेची होती, म्हणून रात्र बेटावर काढून निघायचं ठरलं. त्या संध्याकाळी सव्वीस दिवे लागले. एकोणतीसच्या सकाळी ते विझवायला कोणी नव्हतं. त्या सव्वीस दिव्यांची दोनशे चौतीस वॅटची सपाट रेघ एकतीस तारखेच्या दुपारी बारापर्यंत चालू राहिली. बारा वाजता केबल बंद केली.

मी आता साडेसातला जेवते. वेळेला तसा काही आधार नाही.

जुलैमध्ये इंदूकाकींना फोन लावला तर रुपेशने उचलला. आनंदात होता. "आई एकदम मजेत आहे. काही म्हणजे काही करावं लागत नाही तिला. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. पायऱ्या नाहीत, लिफ्ट आहे." त्यांची इमारत आमच्याच नव्या कामात होती, 'नाडी' तोवर पनवेलमध्ये चाळीस हजार घरांना लागली होती. घराच्या नोंदी बघू का, असं मी त्याला विचारलं. "बघा की," तो म्हणाला, "आमच्यात लपवण्यासारखं काय आहे!" मग फोन आईकडे दिला.

"काकी, कशा आहात?"

"बरी आसंय. छातीत भरून येवक नाय आता."

"चालता का रोज?"

"खंय चलू? हॉलात ह्या टोकाक नि त्या टोकाक." मग थोडं हसून, "गो, हय बटणाच नाय. मी उभी रवलंय काय दिवो पेटता, गप बसलंय काय विझता. न्हाणीत बसलंय नि काळोख झालो तर हात हलवूचो. आपण हय आसंव म्हणान दिव्याक सांगूचा लागता."

"आणि स्वयंपाक?"

"सून करूक देयना. ती काचेर बोट टेकून लावूची शेगडी माज्या हातान पेटणाच नाय, बोट सुक्या आसा म्हणता. मिक्सर करू म्हटला तर नात म्हणता, आजी, तू बस." मग त्या म्हणाल्या, "तुजी ती नाडी हय आसा काय?"

"आहे."

"मगे बघ माका. वेग वाढलो काय बघ."

फोन ठेवल्यावर मी नोंदी उघडल्या. पहिला हात सकाळी सहा दहाला मिक्सर लावणारा, अंगठ्याने, जोरात. दुसरा पावणेसातला गिझर. तिसरा हलका, शाळेतून आल्यावर टीव्हीच्या बोर्डवर. आपोआप लागणाऱ्या दिव्यांना आपटणं नसतं. ते 'नाडी' मोजणीत धरत नाही. मी सगळे दिवस एकेक करून पाहिले.

त्या घरात राहणारी माणसं: रुपेश, त्याची बायको, मुलगी आणि आई, चार.

'नाडी'ची मोजणी, एकोणतीस मार्च ते वीस जुलै, सलग एकशे चौदा दिवस: तीन.